तास मोजले, उपयोग कोणी मोजला?

अमेरिकेत बॉस्टन शहराला लागून 'बॉस्टन कॉलेज' आहे. नावात कॉलेज असले तरी ते जेझुइट धर्मगुरूंनी १८६३ साली स्थापन केलेले कॅथलिक विद्यापीठ आहे. तेथे १९६९ पासून 'पल्स' नावाचा उपक्रम चालतो. विद्यार्थी वर्षभर तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकतात व त्याच वर्षी दर आठवड्याला काही तास बेघरांच्या निवाऱ्यात, शाळेत किंवा तुरुंगात काम करतात. न्याय म्हणजे काय, हे प्लेटोच्या ग्रंथात वाचायचे आणि निवाऱ्यात उभे राहून पडताळायचे, अशी ही योजना. यालाच 'सेवेतून शिक्षण' म्हणतात.

ही कल्पना आम्हांला आवडते. काम वर्षभर चालते आणि ते अभ्यासाला जोडलेले असते, हे तिचे दोन मोठे गुण. जेझुइट संघाचे तत्कालीन प्रमुख पीटर-हान्स कोल्वेनबाख यांनी २००० साली कॅलिफोर्नियातील सान्ता क्लारा विद्यापीठात असा विचार मांडला होता, की इतरांविषयीची आपुलकी नुसत्या संकल्पनांतून येत नाही, ती प्रत्यक्ष सहवासातून येते. प्रयोगावाचून विज्ञान शिकवू नये असे म्हणणाऱ्या आम्हांला हे पटायलाच हवे.

पण प्रयोग म्हटला की नोंदी पूर्ण हव्यात. सेवेतून शिक्षणाचे मूल्यमापन बहुधा विद्यार्थ्यापाशीच थांबते. त्याने किती तास भरले, रोजनिशीत काय लिहिले, त्याची दृष्टी किती बदलली, हे पाहिले जाते. तापवलेला गोळा पाण्यात टाकून आपण उष्णतेचा विनिमय शिकवतो. त्या वेळी फक्त गोळ्याचे तापमान मोजून पाण्याकडे पाहिलेच नाही, तर त्या प्रयोगाला आपण गुण देऊ का?

ही शंका नवी नाही. तेव्हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू असलेले इव्हान इलिच यांनी १९६८ साली मेक्सिकोत, सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांनाच खडसावले होते. ज्यांची भाषाही तुम्हांला धड येत नाही त्यांचे तुम्ही भले कसे करणार, असा त्यांचा रोख होता. सेवा करायचीच असेल तर जे तुम्हांला 'नको' असे तोंडावर सांगू शकतील त्यांच्यात करा, असे त्यांचे म्हणणे. पुढे २००९ साली रँडी स्टोएकर आणि एलिझाबेथ ट्रायॉन यांनी संपादित केलेल्या 'द अनहर्ड व्हॉइसेस' या पुस्तकात विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरातल्या सेवासंस्थांचे म्हणणे मांडले गेले. विद्यार्थी काम शिकेपर्यंत सत्र संपते आणि त्यांना शिकवण्याचा, त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचा भार मात्र संस्थेवर पडतो, अशी त्यांची अडचण होती. वर्षभराच्या 'पल्स'ला हा आक्षेप कमी लागू पडतो. तरी ज्याची सेवा केली त्याला परीक्षकाच्या खुर्चीत बसवायचे की नाही, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही. आपली राष्ट्रीय सेवा योजनाही १९६९ चीच. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर, हा तिचा हिशेब आपल्या परिचयाचा आहे. शिबिरात शोषखड्डे खणले जातात, त्यांची संख्या अहवालात जाते. वर्षभराने त्यांपैकी किती खड्डे पाणी शोषतात, हे पाहायला कोण जाते?

म्हणून शिक्षकमित्रांना आमची सूचना साधी आहे. शिबिराआधी गावाला विचारावे, की काय हवे आणि काय नको. पुढच्या वर्षी त्याच गावी जाऊन जुने काम तपासावे. आणि अहवालाचे शेवटचे पान गावकऱ्यांनी सांगावे व विद्यार्थ्यांनी ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्या पानावर 'खड्डा तुंबला' असे आले तरी बिघडत नाही. तो का तुंबला, याचा शोध घेतला की विज्ञानाचा खरा तास सुरू होतो.