‘पिशवी काढली’ : बीडचे आकडे जुन्नर-आंबेगावातून वाचताना

सिनॉप्सिससाठी आरोग्याचा विषय शोधणाऱ्यांकडून माझ्याकडे एक आकडा सारखा येतो : १३,८६१. बीड जिल्ह्यातल्या एवढ्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली आहे. आकडा सरकारी आहे, तो जरूर वापरा. माझं भांडण त्याच्या मागोमाग येणाऱ्या वाक्याशी आहे. ‘अशिक्षित बायका डॉक्टरांवर आंधळा विश्वास ठेवतात’ हे ते वाक्य. ते कुठल्याच आकड्यातून निघत नाही, तरी जवळजवळ प्रत्येक मसुद्यात पहिल्या पानावर बसलेलं असतं. म्हणून या वेळी जरा हा विषयच उलगडून बघू.

आधी आकडे कुठून आले ते. २०१९च्या एप्रिलमध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’ने बीडच्या ऊसतोड बायकांवर बातमी केली आणि गदारोळ झाला. जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न आला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात सर्वेक्षण झालं : ८२,३०९ ऊसतोड बायका, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली.

हे दोन आकडे एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवलेले मी कितीदा वाचलेत. ४,६०५ हा रुग्णालयाच्या बाजूने मोजलेला आकडा आहे. तीन वर्षांत किती ऑपरेशनं झाली, आणि त्यात सगळ्या बायका आल्या, ऊस तोडणाऱ्याही आणि न तोडणाऱ्याही. १३,८६१ हा बायकांच्या बाजूने मोजलेला. आयुष्यात कधीही, कुठेही झालेलं ऑपरेशन, पण फक्त ऊसतोड बायकांचं. एक म्हणजे तीन वर्षांत नळातून वाहिलेलं पाणी, दुसरं म्हणजे हौदात आजवर साठलेलं. शिवाय नळ सगळ्या गावाचा आणि हौद एका आळीचा. यांची वजाबाकी होत नाही, भागाकारही होत नाही. ‘एवढ्यांपैकी एवढ्या ऊसतोड’ असं वाक्य लिहायचा मोह होईल, लिहू नका.

दुसरा घोळ तुलनेचा. १३,८६१ भागिले ८२,३०९ म्हणजे १६.८ टक्के. हा आकडा लगेच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतल्या, म्हणजे २०१५-१६च्या, देशाच्या ३.२ टक्क्यांशी लावला जातो आणि ‘पाचपट’ असं छापून येतं. पण ते ३.२ टक्के १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांचे आहेत. त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीही धरल्यात, त्यांची पिशवी कोण काढणार? त्याच सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायका वेगळ्या काढल्या तर प्रमाण सुमारे ६ टक्के निघतं. म्हणजे पाचपटीचं झालं पावणेतीनपट. तेही कच्चं, कारण ऊसतोड बायकांची वयवार फोड घेऊन दोन्हीकडची वयं जुळवल्याशिवाय खरी पट कळणार नाही. पावणेतीनपटसुद्धा भयानकच आहे. पण व्हायव्हामध्ये कोणी ‘पाचपट कशी काढली?’ विचारलं तर तुमच्याकडे उत्तर हवं.

त्याच सर्वेक्षणातली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत फारशी येत नाही. देशात सगळ्यात जास्त प्रमाण आंध्र प्रदेश आणि तेलंगणात आहे; आंध्रात जवळपास ९ टक्के, तेलंगणात ८च्या आसपास. तिथल्या आकड्याचं कारण बीडचा मुकादम असू शकत नाही. मग ‘ऊसतोडीमुळे पिशव्या काढल्या जातात’ हे पुरेसं स्पष्टीकरण आहे का? बीडमधल्याच ऊस न तोडणाऱ्या, पण तेवढ्याच गरीब बायकांमध्ये हे प्रमाण किती? हा प्रश्न सुटल्याशिवाय कारण उसात आहे, दवाखान्यात आहे की दोन्हीच्या मधल्या व्यवहारात आहे, हे सांगता येणार नाही. माझा कल तिसऱ्याकडे आहे. का, ते सांगतो, पण त्याआधी एक शब्द.

‘ऑपरेशन झालंय का?’ असं जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही गावात बाईला विचारा. ती ‘हो, दोन पोरांवर केलं’ म्हणेल. तिच्या लेखी ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचं. गर्भाशय काढण्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. प्रश्नावलीत नुसतं ‘शस्त्रक्रिया’ लिहून सर्वेक्षकाच्या हातात दिलंत, तर वाडीवर गेल्यावर तो शब्द ‘ऑपरेशन’ होणार आणि तुमचा अख्खा रकाना बिघडणार. पुण्यात बसून केलेल्या भाषांतरात हे कळत नाही. दहा बायकांशी बोलून प्रश्न तपासा, मगच छपाईला द्या.

आता विश्वासाकडे येऊ.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते, पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही. ती खर्च होते ती जुनं देणं, घर, लग्न, औषधपाणी यांवर. मग पाच-सहा महिने तोडून ती फेडायची. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याला दंड. २०१९च्या बातम्यांत दिवसाला पाचशे रुपयांचा उल्लेख आहे. आता या बाईला अंगावरून पांढरं जातंय, किंवा पाळीत जास्त जातंय. यातल्या बऱ्याच तक्रारी संसर्गाच्या असतात, गोळ्यांनी बऱ्या होतात. पण त्यासाठी तपासणी, औषधाचा कोर्स, दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवणं, गरज पडली तर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, म्हणजे चार फेऱ्या. चार फेऱ्या म्हणजे चार खाडे. खासगी डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाका. तीस-पस्तीस हजार. एकदाच.

हे पैसे कुठून येतात? उचलीतून, किंवा उसनवारीतून, जी पुढच्या उचलीतून फिटते. म्हणजे बाईने शस्त्रक्रियेची किंमत अजून न केलेल्या कामातून आगाऊ मोजलेली असते. हातात पैसे असतात ते आत्ता, हंगामाला निघायच्या आधी. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन विचारायचं तर पुन्हा फी, पुन्हा दिवस, आणि तो ‘गरज नाही’ म्हणाला तर पुन्हा चार फेऱ्यांचा रस्ता. शंका घेणं हीच इथे सगळ्यात महाग गोष्ट आहे. याला आपण ‘आंधळा विश्वास’ म्हणतो! माझ्या मते ती भाबडी नसते. शंका घेणं परवडत नाही, म्हणून ती विश्वास ठेवते. पिशवी काढून कंबरदुखी जात नाही आणि बीजकोशही काढले तर हाडं लवकर झिजतात, हे तिला त्या वेळी कोणी सांगितलेलं नसतं. तो दोष सांगणाऱ्याचा.

हे फक्त गरिबांचं आहे असं वाटत असेल तर इस्तंबूलला केस लावून घ्यायला जाणाऱ्यांकडे बघा. आगाऊ रक्कम भरलेली, विमानाचं तिकीट काढलेलं, ऑफिसातून रजा घेतलेली, घरी सगळ्यांना सांगितलेलं. खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं की ज्या डॉक्टरचा फोटो जाहिरातीत होता तो इथे नाहीच, दुसराच कोणी हत्यार घेऊन उभा आहे. किती जण उठून परत येतील? शिकलेला, पगारदार माणूस तिथे ‘जाऊ दे, करत असतील नीट’ म्हणतो. त्याच्या या म्हणण्याला कोणी अज्ञान म्हणत नाही. फरक एवढाच की त्याने साठवलेले पैसे दिलेत आणि ऊसतोड बाईने पुढच्या थंडीतले पहाटे चारचे फड गहाण ठेवलेत.

इथे एक पुस्तक जोडीला वाचा : डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांचं ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’, २०१६. ७८ डॉक्टरांच्या मुलाखती, कट प्रॅक्टिस, अनावश्यक शस्त्रक्रिया, कॉर्पोरेट रुग्णालयांतलं टार्गेट, सगळं डॉक्टरांच्याच तोंडून. गद्रे स्वतः लासलगावला वर्षानुवर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्याचं अर्थकारण त्यांना आतून माहीत आहे. पुस्तक धाडसाचं आहे आणि मला आवडतं. पण संशोधक म्हणून त्याची मर्यादा ओळखा. बोलायला तयार झालेले डॉक्टर म्हणजे आधीच अस्वस्थ असलेले डॉक्टर. त्यांच्याकडून गैरव्यवहार *कसा* चालतो हे उत्तम कळतं, *किती* चालतो हे कळत नाही. आणि रुग्ण त्यात येतो तो फसवला जाणारा म्हणून. तो दारात येतो तेव्हा त्याच्या खिशातले पैसे कुणाचे आहेत, किती दिवसांचे आहेत, हा प्रश्न डॉक्टरच्या टेबलापलीकडून दिसत नाही. तो तुम्हाला विचारायचाय.

तो विचारायचा कुठे? इथे मी आपल्या भागाचा हट्ट धरतो. समितीने बायका मोजल्या बीडमध्ये, म्हणजे त्यांच्या घरी. पण वर्षातले पाच-सहा महिने त्या घरी नसतात. जुन्नरला निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगावात पारगावचा भीमाशंकर, हे दोन कारखाने सुरू झाले की मराठवाड्यातून, खानदेशातून टोळ्या येतात, कोप्या पडतात. पहाटे फडात, दिवसभर मोळ्या वाहणं, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणं. पाळीच्या दिवसांत बदलायला जागा नाही, पाणी कॅनॉलचं, संडास नाही. तक्रार इथे सुरू होते, कापाकापी तिकडे होते. बीडमध्ये मोजलं तर शेवट मोजला जातो. आणि खानदेशातून आलेल्या बायका तर त्या मोजणीत नाहीतच. (जुन्नरच्या उसाचं संशोधनात नाव झालं ते बिबट्यामुळे. माणिकडोहच्या निवारा केंद्रात बिबट्याला भूल कशी देतात यावर वाचायला भरपूर मिळतं. त्याच उसात वाकलेल्या बाईसाठी इतकी कागदपत्रं मला सापडत नाहीत.)

कोपीवर जाऊन काय विचाराल? ‘तुमचा डॉक्टरांवर विश्वास आहे का, एक ते पाचमध्ये सांगा’ हे नको. ती पाच म्हणेल, मुकादम बाजूला उभा असेल तर सहासुद्धा म्हणेल. त्याऐवजी क्रम विचारा. त्रास कधी सुरू झाला, तेव्हा कुठल्या कारखान्यावर होतात? पहिल्यांदा कुणाला दाखवलं? मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय इथून किती लांब, आणि तिथे गेलात तर किती खाडे पडले? उचल आधी घेतली की ऑपरेशनची तारीख आधी ठरली? पैसे कधी भरले, सोनोग्राफीच्या आधी की नंतर? डॉक्टर नेमकं काय म्हणाला, त्याचेच शब्द? दुसऱ्या कुणाला विचारलं का, नसेल तर तेव्हा मनात काय आलं होतं? तारखा आठवत नाहीत, पण हंगाम आठवतात. ‘धाकटा कोपीवर होता त्या वर्षी’ अशी उत्तरं येतील, त्यांवरून कालरेषा बसते. यातल्या पैशाच्या दोन प्रश्नांना मी सगळ्यात जास्त वजन देईन. तपासणीच्या आधी उचल ठरलेल्या बायका आणि नंतर ठरलेल्या बायका यांच्यात दुसरं मत घेण्याचं प्रमाण वेगळं निघालं, तर ‘विश्वास’ या शब्दाखाली काय दडलंय ते दाखवता येईल. नाही निघालं, तर माझं वरचं म्हणणं कच्चं ठरेल, आणि तेही छापण्यासारखंच असेल.

परवानगीचं मात्र आधी बघा. एथिक्स कमिटीचा कागद कारखान्याच्या शेतकी ऑफिसात चालेल, कोपीवर चालणार नाही. तिथे मुकादमाची ‘हो’ म्हणजे बाईची संमती नव्हे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या गर्भाशय काढण्याच्याच एका प्रकरणात सांगितलं होतं की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती धरता येत नाही. मुलाखतीलाही मी हाच न्याय लावतो : नाव-गाव सांगितलं म्हणजे पाळीबद्दल बोलायला तयार आहे, असं नाही. बाईसंशोधक सोबत असू द्या, आणि वेळ दुपारची, बाई वाढं विकून कोपीवर टेकते तेव्हाची.

एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा असा आदेश राज्यांना दिला. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समित्याही आल्या. त्यांचं कागदपत्र माहिती अधिकारात मागता येतं. पुणे आणि बीड दोन्ही जिल्ह्यांत अर्ज टाका, बैठका झाल्या का आणि शस्त्रक्रियांची नोंद कुठल्या रकान्यांत ठेवतात ते विचारा. बाई गेल्या हंगामात कुठे कामाला होती, असा रकाना त्यात असला तर मला जरूर कळवा. नसला तर तो तुमच्या प्रश्नावलीत पहिला टाका.