समान ज्ञानाची यादी आणि प्रश्नाचा अधिकार

अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाचा वाद हा परक्यांचा वाद आहे, असे आपण सहसा समजतो. तथापि या वादात ज्यांना वारंवार दोषी ठरविण्यात आले, ते जॉन ड्यूई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. म्हणून ड्यूईंच्या टीकाकारांचे म्हणणे पूर्वग्रह न ठेवता तपासणे हे आपलेही काम ठरते.

व्हर्जिनिया विद्यापीठातील प्राध्यापक ई. डी. हर्श यांचा ‘कल्चरल लिटरसी’ हा ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. रिचमंड येथील विद्यार्थी रोजच्या विषयांवरील उतारे सहज वाचीत. परंतु ग्रँट आणि ली या यादवी युद्धातील सेनापतींवरील उतारा येताच ते अडखळत. त्यांना अक्षरे येत होती, संदर्भ येत नव्हते. यावरून हर्श असा निष्कर्ष काढतात की, वाचन हे केवळ कौशल्य नसून त्यास समान ज्ञानाचा आधार लागतो. सुशिक्षित घरातील मुलास हे ज्ञान घरीच मिळते. गरिबाच्या मुलास ते शाळेने दिले नाही, तर ते कोठेच मिळत नाही. हर्श स्वतःस उदारमतवादी म्हणवीत असले, तरी त्यांचा विचार परंपरावाद्यांनी उचलून धरला. केवळ एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. ज्यांच्या पूर्वजांना ज्ञानाची दारे बंद होती, त्यांना या युक्तिवादातील सत्य इतरांहून लवकर कळावे.

परंतु ग्रंथाच्या शेवटी सुमारे ५,००० नावांची व संज्ञांची यादी आहे. ती हर्श यांनी दोन सहकारी प्राध्यापकांच्या साहाय्याने तयार केली. समाजाचे समान ज्ञान कोणते, हे तिघांनी ठरवावे काय? ड्यूईंवरील आक्षेपही न्याय्य वाटत नाही. ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) या ग्रंथात ड्यूईंनी भूगोल, इतिहास व विज्ञान यांचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यांचा विरोध ज्ञानास नव्हता, अनुभवापासून तुटलेल्या पाठांतरास होता. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा त्यांचा विचार १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या निबंधात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेविरुद्ध उभा केला.

यादीचे रूपांतर श्रद्धेत झाले म्हणजे काय घडते, हे ‘१७७६ आयोगा’च्या अहवालात दिसते. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नेमलेल्या या आयोगाचा अहवाल १८ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. दोनच दिवसांनी बायडेन यांनी आयोग विसर्जित केला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो पुन्हा स्थापन केला. हा अहवाल राष्ट्रसंस्थापकांच्या तत्त्वांविषयी आदर निर्माण करणारे शिक्षण मागतो. गुलामगिरी, फॅसिझम आणि आपल्यावरील अन्यायाची ओळख सांगणाऱ्यांचे राजकारण, ही सारी तो त्या तत्त्वांपुढील आव्हाने म्हणून एकाच प्रकरणात मांडतो. जखम करणारा आणि जखम दाखविणारा यांना एका रांगेत बसविणारे नागरिकशास्त्र विद्यार्थ्यास विचार करण्यास शिकवीत नाही, नमस्कार करण्यास शिकविते. याचा दोष हर्श यांच्या माथी मारता येणार नाही. पण ‘यादी कोणाची?’ हा प्रश्न त्यांनी पुरेसा गंभीरपणे घेतला नाही, हे मात्र खरे.

पालि साहित्यात बहुश्रुततेची थोरवी मान्य आहे. मंगलसुत्तात ‘बाहुसच्च’ हे मंगल मानले आहे. परंतु मज्झिमनिकायातील अलगद्दूपमसुत्तात, धम्म पाठ करून प्रज्ञेने त्याचा अर्थ न तपासणाऱ्यास शेपटीकडून साप पकडणाऱ्याची उपमा दिली आहे. त्याचे ज्ञान त्यालाच डसते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारण्यात आले. पुढे त्यांनी तेच ग्रंथ अभ्यासून त्यांची चिकित्सा केली. ग्रंथ माहीत नसते, तर चिकित्सा झाली नसती. चिकित्सा नसती, तर ग्रंथांचे ज्ञान दास्यच ठरले असते. तेव्हा आपल्या मुलांना संपूर्ण ज्ञान द्या, असे परंपरावादी म्हणतात तेव्हा आपण होय म्हणावे. आणि त्यासोबत प्रश्नाचा अधिकारही मागून घ्यावा.