लाकडातला बोल्ट

हैदराबादेत दिलसुखनगरहून निघून अमीरपेटला मेट्रो बदलली की बेगमपेट येतं. तिथल्या विमानतळावर दुसऱ्या महायुद्धात टायगर मॉथवर नवशिके वैमानिक तयार होत. त्या विमानाचे पंख लाकडी, वरून कापड मढवलेलं. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला घराच्या गच्चीवर उभं केलेलं विमान धातूचं. पण घरी विमान बांधणारे जगभरातले कितीतरी हौशी आजही स्प्रूसच्या लाकडालाच हात घालतात. पंखाची मुख्य तुळई, म्हणजे स्पार, आणि पोलादी पट्टी बोल्टनं जिथं एक होतात, तो सांधा मला या साऱ्या कारागिरीतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

खरं काम भोकाचं. ते आधी किंचित लहान पाडतात, मग रीमर फिरवून मापाला आणतात. पलीकडून फळीचा तुकडा क्लॅम्पनं घट्ट धरलेला हवा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना टवका उडतो. आतून व्हार्निश फिरवलं की ओल शिरत नाही. मग बोल्ट. तो लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत जावा. बोटानं सरकला, तर उडताना भोक हळूहळू लांबट होणार. घाव घालावे लागले, तर लाकूड चिरणार. त्या ठोक्याचा अंदाज ज्याच्या हाताला आहे, त्याला मी उस्ताद म्हणेन.

आटे लाकडात येता कामा नयेत. लाकडाला भिडतो तो गुळगुळीत दांडा. वॉशरही वेगळा. 3/16 इंची बोल्टचा नेहमीचा वॉशर 7/16 इंच व्यासाचा, लाकडासाठीचा 7/8 इंचाचा. व्यास दुप्पट झाला की दाब चौपटीहून जास्त जागेवर पसरतो आणि तंतू चिरडत नाहीत. बोल्टांची मांडणीही निरखून पाहावी: एकाच तंतूच्या रेषेत भोकं शक्यतो नसतात आणि ती वरच्या-खालच्या कडांपासून दूर असतात, कारण पंख वाकताना सर्वांत जास्त ताण त्या कडांवर येतो.

नट आवळताना वॉशर रुतायच्या आत हात थांबायला हवा. पण काम तिथं संपत नाही. हैदराबादच्या मे महिन्यात लाकूड सुकून आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि घट्ट बसवलेला नट उन्हाळ्याअखेर सैल सापडू शकतो. लाकडी विमान बांधणाऱ्यानं ऋतू पालटला की प्रत्येक नट तपासावा, आणि नट फिरू नये म्हणून घातलेली कॉटर पिन काढली, तर ती फेकून देऊन नवीच घालावी.