जुना खेळ, नवा उजेड

विषय वाचून आमचे काही समवयस्क बुचकळ्यात पडलेले दिसताहेत. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस लोणावळ्यात येऊन संगणकावरच्या खेळांबद्दल काय बोलणार? पण जुनी वस्तू नव्या साधनांनी पुन्हा घडवली, तर ती तीच वस्तू राहते का, हा प्रश्न आमच्या शास्त्रात फार जुना आहे. आणि त्याचं ताजं उदाहरण घाटाच्या अलीकडेच, पुण्यात घडलं.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली केला. तुमच्यातल्या पन्नाशीच्या मंडळींनी तो कचेरीतल्या संगणकावर साहेबांची नजर चुकवून खेळला असेल, नाही म्हणू नका. पुढे २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओनं ‘द सॅण्ड्स ऑफ टाइम’ काढला. त्याचा रीमेक सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला आणि ते काम होतं युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. जानेवारी २०२१ ठरलं, मग मार्च झाला, मग तारीखच उरली नाही. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईहून मॉन्ट्रियलला गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं प्रकल्पच रद्द केला.

म्हणजे आज आम्ही जिची समीक्षा करणार ती कलाकृती अस्तित्वातच नाही! जाहिरातफीत तेवढी आहे. पण वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलंय, तेव्हा आम्हाला अडचण नाही.

फीत आली तेव्हा ओरड झाली, की चित्रं जुनाट आहेत, चेहरे निर्जीव आहेत. अगदीच खोटी नव्हती ती. पण सगळे मोजत होते आजच्या झगमगाटाच्या मापानं. आम्हाला खटकलं ते वेगळंच. २००३ च्या खेळात उजेडाभोवती एक धूसर, सोनेरी झाक असते. उन्हाच्या कडा पाझरतात, लांबचा महाल विरत जातो. तेव्हाच्या यंत्रांची कुवत बेताची होती हे खरं, पण त्या धूसरपणाला गोष्टीत कारण आहे. तो सगळा खेळ म्हणजे राजपुत्रानं रात्री सांगितलेली एक आठवण आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. हा राजपुत्र वडिलांच्या सैन्याबरोबर हिंदुस्थानातल्या एका महाराजाचा महाल लुटतो. लुटीत काळ मागे फिरवणारा खंजीर मिळतो. वजिराच्या नादानं तो काळाची वाळू मोकळी करून बसतो आणि माणसांचे राक्षस होतात. महाराजाची मुलगी फराह त्याची सोबतीण होते. शेवटी काळ इतका मागे जातो की हे काही घडलेलंच नसतं. तो तिला सगळं सांगतो, पण ती त्याला ओळखतही नाही. जाता जाता तो एक शब्द उच्चारतो, तिच्या लहानपणचा, तिनं फक्त त्यालाच सांगितलेला. तो शब्द ऐकून आम्ही खुर्चीतून उठलो. थोडा बदललेला, पण काकोलूकीयम्! पंचतंत्राचं तिसरं तंत्र, कावळ्यांचं आणि घुबडांचं. नातू म्हणाला, आजोबा, तुम्हाला कसं माहीत?

आता बघा, वेदान्तात ‘सोऽयं देवदत्तः’ असं उदाहरण देतात. तेव्हा तिथे पाहिलेला तोच हा देवदत्त. तेव्हाचा काळ आणि आत्ताचा काळ जुळत नाहीत, म्हणून दोन्ही सोडायचे. उरतो तो देवदत्त. रीमेक करणाऱ्यापुढे नेमकं हेच काम असतं. काय सोडायचं आणि कोण उरायला हवा? पडद्यावरचे ठोकळे सोडा, खुशाल सोडा. धूसर उजेड सोडलात, तर आठवण गेली आणि नुसता महाल राहिला. त्या फितीत आम्हाला महाल दिसला.

मग जुनं जसंच्या तसं ठेवावं का? मुळीच नाही. इथून जवळच भाज्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथल्या चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे तिरके लावत. दगडात कोरलेल्या खांबाला त्याची गरज काय? डोंगर काही पडत नाही. तरीही कोरणाऱ्यांनी तो कल ठेवला. कार्ल्याला तर दगडी छताखाली लाकडी फासळ्या अजून आहेत. लाकडाचं माध्यम सोडलं, ते बरंच झालं. भाज्याचा लाकडी दर्शनी भाग केव्हाच गेला, खाचा उरल्यात. पण आत शिरल्यावर मान वर जावी आणि आपण कमानीखाली उभे आहोत असं वाटावं, एवढं त्यांनी सोडलं नाही. मावळातला पहिला रीमेक तो.

‘भारतात काम दिलं की असंच होणार’ असे शेरे तेव्हा आम्ही वाचले. आपलेही लोक त्यात होते, आणि ते आम्हाला लागलं. मॉन्ट्रियलमध्ये खेळ जन्मला, तिथेही साडेतीन वर्षांत तो पुरा झाला नाही, हे लक्षात घ्या. पुण्यातल्या मुलामुलींनी काय काय केलं होतं, ते आता कोणाला पाहायला मिळणार नाही. वाईट काम असतं तरी ते पाहून वाईट म्हणता आलं असतं.

मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत अशा जुन्या खेळांसाठी आता दुसरी वाट निघालीय. एनव्हिडियाचं ‘आरटीएक्स रीमिक्स’ नावाचं साधन आहे. जुना खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्डाकडे जे आकार आणि पोत जातात, ते हे साधन मधल्यामध्ये टिपतं. त्यांच्या जागी नवे ठेवता येतात. किरण कुठे आपटून कुठे जातो याचा हिशेबही नव्यानं होतो. खेळाचे नियम तेच राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये ‘पोर्टल’ असा आला. हौशी मंडळी घरबसल्या हे करू लागलीत आणि आमचा भरवसा त्यांच्यावर जास्त आहे, कारण त्यांना तो खेळ तोंडपाठ असतो. धोका एकच. जुन्या कलाकारानं कुठेही दिवा न दाखवता एखाद्या कोपऱ्यात उजेड टाकलेला असतो, वाट दिसावी म्हणून. खऱ्या किरणांच्या हिशेबात तसल्या उजेडाला जागा नाही. तो कोपरा काळा पडतो. तिथे हौशी माणसानं हिशेब बाजूला ठेवून खोटा दिवा लावावा, असं आमचं मत.

उद्या ज्यांना भाज्याला यायचंय त्यांनी सकाळच्या लोकलनं मळवलीला उतरा. पायऱ्या आहेत, आम्ही हळूहळू चढू. कोणाकडे गवंड्याचा ओळंबा असला तर बरोबर आणा, खांबांचा कल डोळ्यांनी पाहून घेऊ. खांबाला मात्र टेकवायचा नाही.