सातव्या दालनातील मार्था

अव्हिलाच्या संत तेरेझाने ‘आंतरिक किल्ला’ हा ग्रंथ १५७७ मध्ये लिहिला. आत्मा हा स्फटिकाचा किल्ला, त्यात सात दालने, अगदी आत प्रभूचे निवासस्थान, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. सेमिनरीत आम्ही हा ग्रंथ प्रार्थनेची शिडी म्हणून हाती घेतला आणि चौथ्या दालनाशीच मिटून ठेवला. पुढचे सारे मठवासीयांसाठी, असा आमचा समज. तो चुकीचा होता, हे कळायला फार वर्षे लागली.

पाचव्या दालनात तेरेझा आपल्या भगिनींना बजावते की, आजारी भगिनीचे दुखणे हलके करता येत असेल, तर भक्तीचा गोडवा गमावण्याची खंत बाळगू नका. शेवटच्या दालनात तर ती मार्था व मरिया यांची सांगडच घालते; प्रभूशी ऐक्य कशासाठी, तर त्यातून सत्कर्मे जन्मास यावीत म्हणून. नोव्हेना चुकू नये यासाठी शेजारच्या आजारी म्हातारीला ताटकळत ठेवणाऱ्या आपल्यासारख्या भाविकांना (त्यांत आम्ही धर्मगुरूही आलो) हे वाचन जड जाते.

ग्रंथ निर्दोष नाही. लेखनात मोठा खंड पडला, मागचे पुन्हा वाचून पाहता आले नाही, हे लेखिकाच सांगते, पुनरुक्ती जाणवते. सहाव्या दालनाची ११ प्रकरणे दिव्यदर्शने व समाधीच्या अवस्थांनी भरलेली आहेत. संसारी वाचक तिथे हमखास अडखळेल. त्याने ती तूर्त बाजूस ठेवावीत आणि सातव्या दालनाचे चौथे प्रकरण आधी वाचावे. आमच्या वेळी असे कुणी सांगितले नाही.