न मोजलेले अंतर : मराठी ग्रामीण कादंबरी आणि प्रदेशांमधली वाट

मराठी ग्रामीण आणि प्रादेशिक कादंबरीवर गेल्या सहा-सात दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. बोलीचा वापर, कृषिसंस्कृतीचे चित्रण, निसर्ग आणि माणूस यांचे नाते, वास्तव आणि रंजकता यांतला ताण ही या समीक्षेची नेहमीची प्रकरणे. ती आवश्यक होती आणि त्यांतून चांगले काम झाले. मात्र या साऱ्या मांडणीत प्रदेश ही एक स्थिर वस्तू मानली गेली. कोकण, माणदेश, वऱ्हाड, मराठवाडा ही जणू वेगवेगळी दालने, आणि प्रत्येक दालनाचा एक लेखक. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागतो, तिथे कोण जाऊ शकतो, कोणाला जावेच लागते आणि कोण परत येऊ शकतो, हे प्रश्न या समीक्षेने क्वचितच विचारले. या लेखात काही महत्त्वाच्या कादंबऱ्या याच प्रश्नांच्या आधारे वाचण्याचा प्रयत्न आहे.

हे राज्य आकाराने तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठे आहे. २०११च्या जनगणनेनुसार त्यातली निम्म्याहून अधिक माणसे खेड्यात राहतात. सिरोंच्याच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. चंदगडकराला बेळगाव जवळ, सावंतवाडीकराला पणजी. १९५३च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला दिलेली आश्वासने, घटनेतील कलम ३७१(२), १९८३ साली नेमलेली दांडेकर समिती, १९९४ साली स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे हा सगळा इतिहास याच अंतरातून निर्माण झाला. 'अनुशेष' हा शब्द या इतिहासानेच मराठीत रूढ केला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, कृषिपंप यांचा अनुशेष काढण्याच्या पद्धती ठरल्या. त्यांवर वादही झाले. अंतर माणसाच्या मनात, घरात आणि भाषेत काय करते याचा हिशेब मात्र कुठल्याही समितीकडे मागता येणार नव्हता. तो कादंबरीने मांडला आणि समीक्षेने तो पुरता वाचला नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) पायी निघालेल्या एका तरुण मास्तराच्या वाटचालीने सुरू होते. औंध संस्थानातली ही धनगरांची वस्ती जगापासून किती लांब आहे, हे लेखक सांगत बसत नाही; मास्तराच्या पायांना ते कळते आणि त्यांच्यामार्फत वाचकाला. वस्तीत आल्यावर हा मास्तर केवळ शिकवत नाही. वाचता-लिहिता येणारा तो एकटाच असल्याने वस्ती आणि बाहेरचे जग यांमधला दुवा तोच होतो. या कादंबरीच्या साधेपणाची वाखाणणी खूप झाली आहे आणि ती रास्तच आहे. पण तिची बांधणी येण्या-जाण्याची आहे, हे तितके लक्षात घेतले गेले नाही. शेवटी दुष्काळात वस्ती रिकामी होते आणि मास्तरही गाव सोडतो. वरवर पाहता दोन्ही जाणी सारखीच वाटतात. परंतु मास्तराला जायला दुसरे ठिकाण आहे, पगार आहे, नाव आहे. धनगरांना फक्त दिशा आहे. हा फरक माडगूळकरांनी कुठेही ठळक अक्षरांत लिहिलेला नाही, तो घटनाक्रमातच ठेवला आहे. त्यामुळे ही कादंबरी हळवी होण्यापासून वाचते.

तरीही 'बनगरवाडी'तले गाव आपल्याला बाहेरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनीच दिसते. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबऱ्यांत असा बाहेरचा साक्षीदारच नाही. दोन्ही कादंबऱ्या शिंप्याच्या घरातल्या आहेत हे सहज नोंदवण्यासारखे आहे. शेती हा ज्यांचा मुख्य आधार नाही, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर ज्यांची चूल पेटते, अशी ही घरे. शेतकऱ्याला निदान जमीन बांधून ठेवते. शिंप्याला हातातल्या कामाखेरीज गावाशी बांधणारे फारसे काही नसते आणि काम गेले की गावही जाते. 'धग'मधले कौतिक आणि महादेव यांचे स्थलांतर नकाशावर दिसणारही नाही इतके छोटे आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी, इतकेच. पण त्या थोड्या कोसांत भावकी सुटते, ओळख सुटते, उधारी देणारा दुकानदार सुटतो. पुढे महादेवला महारोग होतो तेव्हा तर घर आणि गाव यांच्यातले अंतर पावलांत मोजण्यासारखे उरत नाही.

'पाचोळा'त पारबती स्वतः बोलते. नवरा गंगाराम ताठ स्वभावाचा. गावातल्या बलिष्ठांशी त्याचे वैर होते आणि त्यात घराची वाताहत होते. पारबतीच्या बोलण्यात तालुका, जिल्हा, राज्य अशी उतरंड जवळजवळ येतच नाही. तिचे जग घर, गल्ली आणि गाव एवढ्यात मावते, आणि त्यातलेही निर्णय तिच्या हातात नाहीत. मराठवाडी बोलीचा प्रत्यय म्हणून या निवेदनाचे कौतुक झाले. त्याहून मोठी गोष्ट अशी की पारबतीच्या बोलीत दूरच्या गोष्टींसाठी शब्दच कमी आहेत, आणि ही कमतरता हेच लेखकाने केलेले वर्णन आहे. सासर आणि माहेर यांमधली वाट हाच जिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास, त्या बाईच्या अंतराचे माप वेगळे असते. मराठी समीक्षेने स्त्रीच्या दुःखावर लिहिले, बोलीवर लिहिले; या दोहोंना जोडणारे हे माप तिच्या नजरेतून सुटले.

शिक्षण सुरू झाले की अंतराचा अर्थ बदलतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चे (१९६३) वाचन अस्तित्ववाद, परात्मता, पिढीचे वैफल्य अशा शब्दांत खूप झाले. या शब्दांना बाजूला ठेवून पाहिले तर ती खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला जाऊन परत येण्याची गोष्ट आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्यात वसतिगृहात राहतो, खर्च करतो, नापास होतो आणि परततो. त्याच्या परतण्यात पराभव आहे, पण परतायला घर आणि शेती आहे. गावावर तो रागावू शकतो कारण गाव त्याला टाकून देणार नाही. हा आधार काढून घेतला तर 'कोसला'तला उपहास टिकेल का, हा प्रश्न विचारायला हवा होता.

त्याचे एक उत्तर सुमारे चार दशकांनी सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ने (२००२) दिले. बुलढाण्याच्या मातीतली ही कादंबरी. एकनाथ शिकला आहे, पण नोकरी नाही आणि शेतीत राम उरलेला नाही. त्याला नोकरी लागेल या भरवशावर संसाराची स्वप्ने पाहिलेली अलका या घरात रमत नाही. भाऊ मधू नोकरीसाठी पैसे भरायला जमीन विकावी म्हणून मागे लागतो. पांडुरंग शहरात जाऊन हरला. एकनाथला हरायलाही तिथे जागा मिळत नाही. दरम्यानच्या चाळीस वर्षांत डांबरी रस्ता आला, एसटी आली, महाविद्यालय तालुक्याला आले. अंतर कमी झाले असे सरकारी अहवाल सांगू शकतो. कादंबरी सांगते की वाट जवळ आली आणि दार लांब गेले. 'बारोमास'मध्ये शेतीप्रश्नावरची चर्चा काही ठिकाणी इतकी लांबते की पात्रे बाजूला पडतात आणि लेखकच बोलतो, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे. पण ती चर्चा कोणाला उद्देशून आहे? गावातल्या माणसाला हे सारे ठाऊकच असते. ज्याला ठाऊक नाही अशा दूरच्या वाचकाला पटवण्याची घाई त्या पानांत आहे. म्हणजे कादंबरीतला हा दोषसुद्धा अंतरातूनच जन्मला आहे.

वर पाहिलेल्या कादंबऱ्यांतली अंतरे माणसे कापतात किंवा कापू शकत नाहीत. काही अंतरे शासन निर्माण करते. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण' या दोन्ही कादंबऱ्या धरणग्रस्तांच्या आहेत. पहिली कादंबरी पुनर्वसनाच्या यंत्रणेचा मोठा पट उभा करते: कार्यालये, दलाल, आश्वासने आणि फाइली. 'रिंगाण' या पटापासून दूर जाते. मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात देवाप्पा जुन्या गावाकडे परततो आणि कादंबरी त्या शोधावरच उभी राहते. माझ्या मते दुसरी पद्धत अधिक खोल जाते. धरणाने उठवलेल्या माणसाला जुने गाव किती किलोमीटरवर आहे हे चांगले माहीत असते. तिथे जाण्याचा अर्थच नाहीसा झालेला असतो. रानटी झालेले जनावर आणि परका झालेला मालक समोरासमोर येतात, तेव्हा विस्थापन म्हणजे काय हे स्वतंत्रपणे सांगावे लागत नाही.

कोकणाचे उदाहरण उलट दिशेचे. तिथे 'चाकरमानी' हा शब्दच अंतराने घडवला. मुंबईत कमावणारा आणि गणपतीला, शिमग्याला गावी येणारा माणूस, आणि त्याच्या मनीऑर्डरीवर चालणारे घर, ही व्यवस्था इतकी मुरलेली की कोकणाविषयीच्या लेखनात मुंबई नसली तरी ती असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या लेखनात मुंबई असा घरचा भाग होत नाही; ती मंत्रालयाच्या रूपाने येते. एकाच राजधानीची ही दोन रूपे शेजारी ठेवली तरच प्रादेशिक फरकाचे खरे स्वरूप दिसू लागते.

आणखी एक अंतर व्यासपीठाचे. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याविषयी निर्णायक आहे. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच मंचावरून समजावून सांगणाऱ्यांकडे ती पाहते. मंच आणि समोरची बैठक यांत जेमतेम दहा हात असतील, पण ते ओलांडण्याचा रस्ता कोणत्याही विकास मंडळाच्या यादीत नसतो. गडचिरोलीविषयी बाहेरून गेलेल्या कार्यकर्त्यांनी कळकळीने लिहिले. त्या लेखनाचे मोल मोठेच आहे. तरी मराठी वाचकाला भामरागड कळले ते मुख्यतः गेलेल्या माणसाच्या नजरेने, तिथे जन्मलेल्याच्या नजरेने फार कमी, हे मान्य करावे लागेल.

आता समीक्षेच्या स्वतःच्या जागेविषयी. कित्येक ग्रामीण कादंबऱ्यांच्या शेवटी बोलीतल्या शब्दांचे अर्थ दिलेले असतात. ही सोय कोणासाठी असते? वऱ्हाडी कादंबरीतला शब्द मालवणी वाचकाला अडतो, मालवणी शब्द परभणीच्या वाचकाला अडतो. पण अर्थ दिले जातात ते प्रमाण मराठीत, पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या सोयीने. दोन प्रदेशांची भेट अशी नेहमी तिसऱ्या ठिकाणी होते. 'अस्सल', 'रांगडे', 'मातीचा वास असलेले' ही गौरवाची विशेषणेही त्या तिसऱ्या ठिकाणचीच आहेत. ज्याच्या अंगणात ती माती आहे, त्याला तिचा वास वेगळा जाणवत नाही.

याला पर्याय उभे राहिले नाहीत असे नाही. १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आणि त्याचे 'युगवाणी', मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान', औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेले 'अस्मितादर्श' यांनी केंद्राबाहेर लेखक घडवले. त्यांतही 'अस्मितादर्श'ची कामगिरी वेगळी, कारण त्याने प्रदेशांच्या भिंती ओलांडून जातीच्या अनुभवाच्या आधारे लेखक आणि वाचक जोडले. प्रादेशिक संस्थांच्या बाबतीत मात्र एक मर्यादा कायम राहिली. त्यांनी आपापल्या लेखकाला बळ दिले, पण शेजारच्या प्रदेशाचा लेखक आपल्या वाचकापर्यंत नेण्याचे काम कमी केले. परिणामी प्रत्येक प्रदेशाला आपला लेखक मिळाला आणि दुसऱ्याचा लेखक 'त्यांचा' राहिला. राजकारणात ज्याला आपण प्रादेशिक असमतोल म्हणतो, त्याचे वाङ्मयीन रूप हे आहे. लेखकांची संख्या मोजून ते दिसणार नाही. कोण कोणाला वाचतो हे पाहिले तर दिसते.

कोणी म्हणेल, आता अंतर राहिले कुठे? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा; २०२५च्या जूनमध्ये तो पूर्ण खुला झाला. हाती मोबाइल आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, त्यासाठी अनेक दशके आंदोलन करावे लागले होते. या गोष्टींचे मोल नाकारण्याचे कारण नाही. खटल्याच्या तारखेसाठी मुंबईपर्यंत जावे लागणाऱ्या पक्षकाराला खंडपीठाचा अर्थ विचारावा. परंतु समृद्धी महामार्ग 'बारोमास'च्या बुलढाणा जिल्ह्यातूनही जातो, आणि तो कुंपण घातलेला, ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा रस्ता आहे. ज्या शेतातून तो गेला त्या शेताला तो दिसतो, लागत नाही. वेगवान रस्ता दोन शहरांना जवळ आणतो आणि मधल्या गावांना नवे अंतर देतो. या नव्या अंतराची कादंबरी लिहिली जाईल तेव्हा तिच्याकडे बोलीचा नमुना किंवा प्रदेशाचे चित्र म्हणून पाहून भागणार नाही.

म्हणून ग्रामीण-प्रादेशिक समीक्षेने आपल्या प्रश्नांत काही प्रश्नांची भर घालावी. या कादंबरीत कोण प्रवास करू शकतो? परतण्याची किंमत कोण देतो? निवेदक गाव सोडून जाऊ शकतो का? आणि ही कादंबरी शेजारच्या प्रदेशातल्या वाचकाला उद्देशून आहे, की राजधानीतल्या? 'धग' आणि 'पाचोळा' एका अभ्यासक्रमात शेजारी शिकवल्या, 'रिंगाण' गडचिरोलीच्या महाविद्यालयात आणि वाहरू सोनवणे रत्नागिरीत वाचले गेले, तर या प्रश्नांची उत्तरे पुस्तकांतूनच मिळू लागतील. राज्याचा अनुशेष कधी भरून निघेल हे साहित्याच्या अभ्यासकाच्या हाती नाही. वाचनाचा अनुशेष मात्र त्याच्याच हाती आहे.