‘झोंबी’चे वाचक

आनंद यादव यांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून तिच्याविषयी वाचकांचे एक ठरीव मत रूढ झाले आहे. बुद्धिमान मुलगा, त्याच्या शाळेला आडवा येणारा बाप, मन मारून जगणारी आई आणि अखेरीस विद्येचा विजय, असे त्या मताचे स्वरूप आहे. पदव्युत्तर वर्गांतील चर्चाही बहुधा याच वाटेने जाते. पु. ल. देशपांडे यांच्या प्रस्तावनेने हरवलेल्या बाल्याकडे लक्ष वेधल्यामुळे वाचकाची करुणा आरंभापासूनच मुलाच्या बाजूस झुकते. हे मत खोटे म्हणता येणार नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण ग्रंथाच्या नावापाशीच जाणवू लागते.

हिंदी वाचक हा ग्रंथ ‘जूझ’ या नावाने ओळखतात. हा शब्द आणि मराठीतील ‘झुंज’ हे दोन्ही प्राकृतातील ‘जुज्झ’चे, म्हणजे मूळ ‘युध्’ धातूचे वंशज होत. यादवांना ‘झुंज’ हा शब्द उपलब्ध होता; त्यांनी तो घेतला नाही. झुंज दुरूनही देता येते. झोंबीला अंगाला अंग भिडावे लागते, हे कुस्तीच्या या मुलखात सांगावयास नको. शिवाय ‘झोंबणे’ या क्रियापदात बिलगणे आहे आणि मिरचीचे झोंबणेही आहे. बापलेकांच्या नात्याला याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

दादाला केवळ खलपुरुष ठरविणाऱ्या वाचकाने गुऱ्हाळाचा प्रसंग पुन्हा पाहावा. इतरांच्या आधी गूळ बाजारात गेला तर भाव बरा मिळतो, असा दादाचा हिशेब असतो. ऊस रानात अधिक दिवस राहिला तर गूळ अधिक उतरतो, असे इतर शेतकरी मानतात. निवेदक दादाच्या घाईमागे कामातून लवकर सुटण्याची ओढ पाहतो, आणि तो आरोप निराधारही नाही. तरीही हंगाम, भाव आणि मनुष्यबळ यांचे गणित या घराच्या मानेवर बसलेले आहे, आणि मुलाचे दोन हात त्या गणितात धरलेले आहेत. मारहाणीचे समर्थन यातून होत नाही. तिची भूमी मात्र कळते.

आई आणि आनंदा दत्ताजीरावांच्या वाड्यावर जातात आणि आपण आलो होतो हे दादाला कळू देऊ नये असे विनवितात, तो प्रसंग मला भाषेच्या दृष्टीने कळीचा वाटतो. बापाजवळ मुलाचा शब्द चालत नाही, सरकारांचा चालतो. सौंदलगेकर मास्तरांकडून कवितेची चाल आणि लय शिकण्यापूर्वीच आनंदा हे शिकलेला आहे की कोणाच्या तोंडचा शब्द, यावर त्याचे वजन ठरते. पुढे म्हशीच्या पाठीवर काटकीने कविता लिहिणारा मुलगा आपण कौतुकाने लक्षात ठेवतो. ही पहिली शिकवण मात्र आपण विसरतो.

‘गोतावळा’त (१९७१) सारे निवेदनच बोलीत होते. ‘झोंबी’त दादा, आई, भावंडे कागलच्या बोलीत बोलतात, तर निवेदनाचे वळण मुख्यतः लिखित मराठीचे आहे. शाळेने जिंकून दिलेली भाषा ती हीच. तिच्यात दादाचा निवाडा होतो, आणि त्या निवाड्याला त्याच भाषेत उत्तर देण्याची सोय दादाला नाही. मात्र त्याची बोली, तिच्यातील शिव्या आणि हेल, मुलाच्या कानाने इतक्या अचूक टिपल्या आहेत की निवेदकाचा राग जेथे बापाला सपाट करू पाहतो, तेथे संवाद त्याला पुन्हा उभा करतात. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ या पुढील खंडांत निवेदन आणि संवाद यांतील हे अंतर कोठे वाढते व कोठे मिटते, याची प्रकरणवार तपासणी एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावी.